तुर्कमेनिस्तानवर हसण्याआधी

दूरदेशी

चार दिवसांपूर्वी या संस्थळावर 'वेड्यांच्या राज्यात' या मथळ्याचा लेख आला होता. पूर्वी सोव्हिएत संघात असलेल्या, मध्य आशियातल्या तुर्कमेनिस्तानची ओळख म्हणून. पहिला अध्यक्ष नियाझोव याने महिन्यांना स्वतःचं आणि आईचं नाव दिलं, सूर्याबरोबर फिरणारा सोन्याचा पुतळा उभारला. त्याच्यामागून आलेल्या दंतवैद्य अध्यक्षाने, बर्दीमुहामेदोवने, घोड्यावर बसलेला स्वतःचा सोनेरी पुतळा उभारला. राजधानी अश्गाबातभर पांढरा संगमरवर आणि वाळवंटात कित्येक वर्षं पेटलेला खड्डा. लेख संपला, खाली नुसता हशा. दोन दिवस गप्प बसलो, पण राहवेना म्हणून वेगळा धागा काढतोय. लांबेल, त्याला इलाज नाही.

२०११ ते २०१४ मी त्या देशात होतो. मारी प्रांतात, योलोतेनजवळच्या गॅसच्या कामावर, एका कंत्राटदाराकडे पाइपिंग सुपरवायझर. लेखातली एकही गोष्ट खोटी नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. सत्तर लाखांच्या देशाची गोष्ट दोन माणसांच्या विक्षिप्तपणावर उरकली, आणि तो देश तसा का झाला याबद्दल चकार शब्द नाही.

महिन्यांची नावं २००२ मध्ये बदलली, २००८ मध्ये पूर्ववत झाली. फिरता पुतळा २०१० मध्ये शहराच्या मध्यातून उचलून कडेला नेला. या गोष्टी येतात आणि जातात. जो हलला नाही तो कालवा. देशाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग काराकुम वाळवंट. मॉस्कोला तिथे कापूस हवा होता, म्हणून १९५४ मध्ये अमू दर्या नदीचं पाणी वाळूतून पश्चिमेकडे न्यायला सुरुवात झाली. कालवा १३७५ किलोमीटर लांब. वर्षाला सुमारे १३ अब्ज घनमीटर पाणी उचलतो. आपल्या हिशेबात ४६० टीएमसी, म्हणजे चार कोयना भरून वर उरेल इतकं. अस्तर नाही, तळ वाळूचा, त्यामुळे निम्म्याच्या आसपास पाणी वाटेतच मुरतं किंवा उडून जातं. अमू दर्या ज्याला मिळायची तो अरल समुद्र आटला त्यात या कालव्याचा मोठा वाटा आहे. आणि आज अश्गाबातच्या नळाला येणारं पाणीही याच कालव्याचं. तो बंद करता येत नाही आणि धड चालवताही येत नाही.

दुसरी गोष्ट गॅसची. गॅस यांच्या जमिनीखाली, पण सगळ्या मोठ्या पाइपलाइन उत्तरेला, रशियाकडे जाणाऱ्या. २७ ऑक्टोबर १९९१ ला स्वातंत्र्य जाहीर झालं तरी नळाची चावी मॉस्कोतच राहिली. १९९७ मध्ये दरावरून आणि थकबाकीवरून बिनसलं, निर्यात थांबली आणि देशाची मिळकत आटली. २००९ च्या एप्रिलमध्ये रशियाकडे जाणाऱ्या लाइनवर स्फोट झाला, त्याच वर्षीच्या डिसेंबरात चीनची पाइपलाइन सुरू झाली. एका गिऱ्हाइकाच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हातात. आपल्याकडे पंजाबातल्या फाजिल्कापर्यंत यायची ती १८१४ किलोमीटरची तापी लाइन, म्हणजे तुर्कमेनिस्तान-अफगाणिस्तान-पाकिस्तान-भारत. २०१५ मध्ये मारीला तिचा शुभारंभ झाला तेव्हा आपले उपराष्ट्रपती हमीद अन्सारी हजर होते. गॅस अजून यायचाय.

आणि खुर्ची. नियाझोवला १९८५ मध्ये तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचा पहिला सचिव, म्हणजे प्रमुख, केलं ते मॉस्कोनेच. मार्च १९९१ च्या सार्वमतात जवळपास ९८ टक्के मतं सोव्हिएत संघराज्य टिकवायच्या बाजूने मोजली गेली. ऑक्टोबरच्या सार्वमतात ९४ टक्के स्वातंत्र्याच्या बाजूने. सात महिन्यांत जनता बदलली नव्हती. मोजणारे मात्र तेच होते.

एप्रिलला आईचं नाव दिलं म्हणून सगळ्यात जास्त हसलात ना? ६ ऑक्टोबर १९४८ च्या रात्री अश्गाबात भूकंपात झोपलं ते उठलंच नाही. काहींच्या अंदाजाने लाखाच्या आसपास माणसं गेली आणि सोव्हिएत सरकारने आकडा वर्षानुवर्षं बाहेर येऊ दिला नाही. त्या रात्री आठ वर्षांच्या नियाझोवची आई आणि भाऊ गेले. बाप आधीच युद्धात गेलेला. पोरगं अनाथालयात वाढलं. मी त्याची बाजू घेत नाही, पण ज्या आईच्या मरणाची धड नोंदसुद्धा राज्याने केली नाही तिचं नाव कॅलेंडरवर का गेलं, हे तरी लिहा की.

एक आठवण सांगून थांबतो. मारीत आमच्या ड्रायव्हरच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो. चोरेक म्हणजे तंदुरात भाजलेली जाड गोल रोटी. मी तुकडा मोडला आणि उरलेली दस्तरखानावर पालथी ठेवली. कुणी काही बोललं नाही. त्याच्या आईने हात पुढे करून ती सुलटी केली आणि बोलणं पुढे चालू. तिच्या स्वयंपाकघरात शेगडी रिकामीच जळत होती, वर भांडं नाही. मी बंद करायला गेलो तर म्हणाली, राहू दे, गॅसला पैसे पडत नाहीत, काडेपेटीला पडतात. हाच किस्सा परवाच्या लेखात 'वेडेपणाचा नमुना' म्हणून आलाय. त्या बाईच्या घरात बसून तो मला वेडेपणा वाटला नाही. तिच्या हिशेबात तो चोख व्यवहार होता.

सडेतोड

मूळ लेख माझा, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

तुमची माहिती उत्तम आहे, निष्कर्ष मला मुळीच पटत नाही. सगळं मॉस्कोवर ढकललं की इथले मोकळे सुटतात. सोव्हिएत वारसा एकट्या तुर्कमेनिस्तानला मिळाला का? मध्य आशियातल्या पाचही देशांना कमीअधिक तोच कापूस, तेच पहिले सचिव. शेजारच्या उझबेकिस्तानात शाळेच्या पोरांना कापूस वेचायला शेतात पाठवत. २०१६ मध्ये तिथला अध्यक्ष करिमोव्ह गेला, पुढच्याने वेचणीची सक्तीच मोडत आणली आणि २०२२ मध्ये उझबेक कापसावरचा आंतरराष्ट्रीय बहिष्कार उठला. तुर्कमेनिस्तानात अजून शिक्षक आणि दवाखान्यातले कर्मचारी वेचणीला धाडतात, म्हणून २०१८ पासून अमेरिकेने तिथला कापूस घेणं बंद केलंय. नदी तीच, पीक तेच, मालकही पूर्वी एकच. मग फरक कुठून आला?

२००४ मध्ये पंधरा हजार आरोग्य कर्मचारी काढून त्यांच्या जागी सक्तीच्या भरतीचे सैनिक आणले. २००५ मध्ये राजधानीबाहेरची रुग्णालयं बंद करण्याचं फर्मान निघालं, खेड्यांतली ग्रंथालयं बंद झाली. कारण काय, तर खेड्यातला माणूस तसंही वाचत नाही. ऑपेरा, बॅले, सर्कस २००१ मध्येच गेले होते. शाळा दहा वर्षांची नऊ केली आणि त्या नऊ वर्षांत रुहनामा, म्हणजे नियाझोवने स्वतः लिहिलेली पोथी, घोकायला लावली. वाहन परवान्यालासुद्धा रुहनामाची परीक्षा. बोरिस शिखमुरादोव हा माणूस परराष्ट्रमंत्री होता. २००२ मध्ये त्याला पकडलं, त्यानंतर तुरुंगात त्याचं काय झालं याचा पत्ता नाही. ओगुलसापर मुरादोवा ही पत्रकार २००६ मध्ये तुरुंगात मेली. हे कुठल्या कालव्यातून आलं?

आठ वर्षांचा अनाथ मुलगा म्हणून मलाही वाईट वाटतं. पण त्याने पुढे लाखो आया दवाखान्याविना ठेवल्या. भूकंपात आई गेलेले आणखी हजारो होते, त्यांनी हे केलं नाही.

आणि हसण्याबद्दल. तिथल्या माणसाला हसायची मुभा नाही. आपल्याला आहे, म्हणून आपण हसलं पाहिजे. त्यात त्या आजीचा अपमान नाही.

करदाता

दोघांचंही वाचलं. मला खटकलं ते तिसरंच. १९९३ पासून गॅस, वीज, पाणी, मीठ फुकट. २००८ पासून गाडीवाल्याला महिन्याला १२० लिटर पेट्रोल फुकट. ते २०१४ मध्ये बंद आणि बाकीचं २०१९ उजाडता उजाडता संपलं. पैसे आटल्यावर फुकटचं असं एका रात्रीत जातं. दूरदेशी म्हणतात आजीचा व्यवहार चोख. माझ्या मते तो राज्याने माणसाला लावलेला रोग आहे. ज्या वस्तूला किंमत नाही ती माणूस जाळतो.

आणि हे वाळवंटातच होतं असं समजू नका. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना आपल्याकडे २०२४ पासून बिल माफ. मी पगारदार माणूस, कापलेला कर पगाराच्या कागदावर दर महिन्याला बघतो. फुकट वीज म्हणजे रात्रंदिवस पंप, रात्रंदिवस पंप म्हणजे पाण्याची नासाडी. तुर्कमेनिस्तान आपल्या बांधावर येऊन उभा आहे.

शिवारवाला

करदाता, बांधावर तुम्ही कधी उभे राहिलात ते आधी सांगा. रात्रंदिवस पंप? आमच्याकडं वीज येते ती आठ तास, त्यातही निम्मे दिवस रात्रीची. डिसेंबरच्या थंडीत रात्री दोनला पाणी पाजायला जायचं, हातात बॅटरी, पायाखाली काय आहे ते देवाला ठाऊक. वाळवा तालुक्यात या, एक रात्र काढा, मग फुकटचं बोला.

पण दूरदेशींनी कालव्याचं लिहिलं ते वाचून छातीत धस्स झालं, कारण ते माझंच लिहिलंय. आमची दोन एकर काळी जमीन कालव्याच्या खालच्या अंगाला. वडिलांच्या काळात आडसाली ऊस एकरी सत्तर टनाला जायचा. नव्वदच्या सुमारास पहिल्यांदा बांधाकडेला पांढरं दिसलं. आई म्हणाली, कुणीतरी चुना सांडलाय. वडिलांनी बोटाला लावून जिभेवर ठेवलं आणि घरी येऊन दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. मिठफुटी होती, जमिनीतलं मीठ वर आलेलं. पाच वर्षांत ऊस गुडघ्याला आला, पुढं उगवायचाच बंद झाला. आज तिथं लव्हाळा आणि वेडी बाभूळ आहे. उन्हाळ्यात लांबून बघितलं तर दंव पडल्यासारखं दिसतं. अरल समुद्राची चित्रं मी बघितलीत, मला त्यात नवल वाटत नाही.

याला कारण कोण? कालवा बांधणारा. पाणी सोडलं, अस्तर केलं नाही, निचऱ्याचे चर खणले नाहीत, आणि वर आम्हालाच शिकवायला येतात.

पाटकरी

मी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली, शाखा अभियंता म्हणून लागलो आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. म्हणून हा प्रतिसाद, अवांतर वाटला तरी.

शिवारवाला, तुमच्या जमिनीचं दुःख खरं आहे. निदान चुकीचं आहे. क्षारपड जमिनीला सगळा दोष कालव्याचा नसतो. शिरोळ तालुक्यात बहुतेक पाणी नदीवरच्या उपशाचं आहे, कालव्याचं नाही, आणि तिथेही हजारो एकर खारवट झाली. कारण भारी काळी जमीन, ऊसच ऊस, पाटपाणी मोकाट आणि वरून रासायनिक खतं. आठमाही पिकाला दिलेलं पाणी बारमाही उसाला ओढलं. शेजपाळीचा, म्हणजे कुणी कधी पाणी घ्यायचं त्याचा, कागद आम्ही करायचो, तो पाळला किती जणांनी? कालव्याची दारं फोडून पाणी घेणाऱ्यांची नावं माझ्याकडे वह्या भरून होती.

काराकुम कालव्याबद्दलही एवढंच म्हणतो की त्याला नुसता शिव्या घालण्यात अर्थ नाही. १९६२ मध्ये अश्गाबातला पाणी पोचलं. त्याआधी ते शहर डोंगरातल्या झऱ्यांवर आणि कारेझांवर, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या बोगद्यांवर, जगत होतं. वाळूत हजार किलोमीटरच्या पुढे अस्तरीकरण करायचं म्हणजे खर्च किती येतो याचा अंदाज घरी बसून येत नाही. मातीचा कालवा पहिली काही वर्षं पाणी पितो, मग गाळ बसून गळती कमी होते. कुणाची ना कुणाची तहान भागली, हे मान्य करा.

शिवारवाला

तहान भागली तुमच्या कंत्राटदाराची. माफ करा, पण राहवत नाही. गाळ बसून गळती कमी होते म्हणता. आमच्या वरच्या अंगाच्या कालव्याला शंभर वर्षं होऊन गेली, अजून किती गाळ बसायचाय? माझ्या विहिरीचं पाणी आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्याला पाणी आलं, की तिसऱ्या दिवशी हातभर वर येतं आणि आवर्तन बंद झालं की खाली जातं. हे मी शाळेत असल्यापासून विहिरीच्या भिंतीवर खडूने खुणा करून बघितलंय. पाझर नाही म्हणणाऱ्याने त्या खुणा येऊन बघाव्यात.

आणि दारं कोण फोडतं? खालच्या टोकाला पाणीच पोचत नाही म्हणून फोडतात. आमच्या चारीला माझ्या वडिलांनी पाळीची वाट बघत काढलेल्या रात्री तुमच्या वहीत नसतील.

पाटकरी

खडूच्या खुणांचा मान राखतो. पाझर नसतो असं मी म्हटलेलंच नाही, सगळा दोष त्याचा नाही म्हटलं. कंत्राटदाराचं वाक्य मागे घ्या. एकतीस वर्षांत मी एका पैशाला शिवलो नाही, आणि त्याची किंमत तीन बदल्यांनी मोजली आहे. मुलीची दहावी गडचिरोलीत आणि मुलाची बारावी नंदुरबारात झाली.

शिवारवाला

तुम्ही घेतलं असं म्हणायचं नव्हतं. वाक्य मागे. बाकीचं नाही.

लेकीची आई

तुमचं पाण्याचं भांडण चालू दे, मी जरा मूळ मुद्द्यावर येते.

माझी मुलगी किर्गिझस्तानात, बिश्केकला एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला आहे. तुर्कमेनिस्तान नाही, पण त्याच सोव्हिएत घरातली बहीण. सडेतोड म्हणतात फरक माणसांनी पडतो. किर्गिझस्तानात २००५, २०१० आणि २०२० अशा तीन वेळा लोकांनी अध्यक्ष घालवले. मुलगी जायच्या आधी हे वाचून मीच घाबरले होते. मला वाटायचं, असा उठसूट राजवट बदलणारा देश नको, शांत देश बरा.

मग १८ मे २०२४ ची पहाट. रात्रभर तिथे जमाव परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर चालून गेला होता. मुलीचा फोन आला तेव्हा ती कुजबुजत होती. खोलीतले दिवे बंद, दाराला कपाट लावलेलं, पाच जणी एका पलंगाखाली. मी फोन धरून बसले, यांनी दुसऱ्या फोनवरून दूतावासाचा नंबर लावला. सकाळपर्यंत सगळ्या जगाला कळलं होतं. दूतावासाने सूचना काढली, टीव्हीवर आलं. मुलगी महिनाभर घरी येऊन राहिली आणि परत गेली.

तेव्हापासून शांत देशाचं माझं मत बदललं. कोविडचा एकही रुग्ण नाही असं जागतिक आरोग्य संघटनेला कळवणारा देश तुर्कमेनिस्तान. माझी लेक तिथे असती आणि तसलीच रात्र आली असती, तर मला सकाळी काय कळलं असतं? दूरदेशींनी १९४८ च्या लपवलेल्या आकड्याचं लिहिलंय, ते वाचून हेच डोक्यात आलं. ज्याच्या आईचं मरण लपवलं, त्याने सत्ता आल्यावर लपवणंच चालू ठेवलं. इथे मी सडेतोडांच्या बाजूची आहे.

करदाता

लेकीची आई, मुलगी सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं.

शिवारवाल्यांना एवढंच सांगतो की रात्रीच्या विजेबद्दल मला माहीत नव्हतं. फुकटबद्दलचं माझं मत तरीही तेच आहे. दिवसा वीज द्या आणि मीटर बसवा, मी कर भरायला तयार आहे.

शिवारवाला

मीटर बसवा की. दिवसा वीज द्या, पैसे घ्या. कधीचं हेच मागतोय.

दूरदेशी

कामावरून आलो तर धागा अमू दर्यातून कृष्णेत गेलेला. तक्रार नाही, कारण शिवारवाल्यांनी लिहिलेली मिठफुटी मी तिथे रोज बघायचो. मारीहून कामावर जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापसाची शेतं, आणि मध्येच एखादा तुकडा पांढरा, भेगाळलेला, काटेरी झुडुपांचा. तिकडे अशा जमिनीला 'शोर' म्हणतात. थंडीत पेरणीच्या आधी शेतात बांध घालून पाणी तुंबवतात आणि मीठ खाली धुऊन काढतात. म्हणजे पीक नसतानाही जमिनीला पाणी पाजायचं, फक्त मीठ काढायला. ड्रायव्हर सांगायचा की त्याच्या आजोबांच्या गावात दर हिवाळ्याला हे करतात आणि दर उन्हाळ्याला मीठ परत वर येतं.

आता ते धुतलेलं खारं पाणी जायचं कुठे? पूर्वी बरंचसं परत अमू दर्यात सोडायचे, म्हणजे खालच्या गावांच्या प्यायच्या पाण्यात. उत्तरेकडच्या दाशोगुझचं सारिकामिश सरोवरात जातं. २००० मध्ये नियाझोवने काढलेली योजना अशी की देशभरातलं निचऱ्याचं पाणी चरांनी गोळा करून काराशोर नावाच्या खोलगट खाऱ्या पट्ट्यात न्यायचं आणि तिथे सरोवर करायचं, अल्तिन असिर म्हणजे सुवर्णयुग नावाचं. पहिला टप्पा २००९ मध्ये सुरू झाला. परवाच्या लेखात 'वाळवंटात तळं बांधायचं खूळ' असं एका ओळीत आलंय ते हेच. मला त्यातलं पाणी कितपत टिकेल याची शंका आहे, वाटेत वाळू आहे आणि वर ऊन आहे. पण प्रश्न खुळा नाही. निचऱ्याचं पाणी न्यायचं कुठे, हाच प्रश्न पाटकरी आणि शिवारवाला इतका वेळ भांडताहेत त्याच्या तळाशी आहे.

तिथे एप्रिलच्या पहिल्या रविवारी पाण्याचा सण असतो. 'पाण्याचा थेंब म्हणजे सोन्याचा कण' असं त्याचं नाव. ज्यांच्या कालव्यात निम्मं पाणी मुरतं त्यांचाच हा सण, आणि तो सरकारी फलकावर येण्याआधीपासून त्यांच्या बोलण्यात आहे. माझा ड्रायव्हर हात धुताना तांब्यातलं उरलेलं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतायचा, रस्त्यावर नाही.

सडेतोड, उझबेकिस्तानचा मुद्दा मी दोन दिवस डोक्यात घोळवला. मान्य करावा लागतो. एकाच नदीवरच्या एकाच पिकाच्या दोन देशांत एकाने पोरांना शेतातून शाळेत परत पाठवलं आणि दुसऱ्याने डॉक्टरांना अजून शेतात ठेवलंय. ते सोव्हिएत वारशाने होत नाही, कुणीतरी ठरवतं म्हणून होतं. दवाखान्यांचंही तसंच. ड्रायव्हरच्या वडिलांना २००५ च्या सुमारास मारीत उपचार मिळाले नाहीत, अश्गाबातच्या वाटेवर गेले. हे मला त्याने तिसऱ्या वर्षी सांगितलं, गाडीत, काचा वर करून. मी धागा काढताना ते लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर माझाच मुद्दा ढिला पडला असता. तेवढी चूक माझी.

तरीही तुम्ही नुसता पुतळा दाखवता तेव्हा त्या काचा वर करून बोलणाऱ्या माणसाला वाचकासमोर येऊच देत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी सोडणार नाही.

सडेतोड

काचांचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. हे तुम्ही धागा काढतानाच लिहिलं असतं तर मी इतका भडकलो नसतो.

मथळा बदलतो. 'वेड्यांच्या' हा शब्द तिथल्या सगळ्यांना लागतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. अल्तिन असिरची ओळही दुरुस्त करतो, निचऱ्याचा संदर्भ टाकतो. बाकी लेख तसाच राहील. बाप बर्दीमुहामेदोव राष्ट्रनेता, २०२२ पासून मुलगा अध्यक्ष, बापाच्या पदवीवरून अर्कादाग नावाचं अख्खं नवं शहर २०२३ मध्ये उघडलं, आणि सरकारी दर डॉलरला साडेतीन 'मनात' (तिथलं चलन) असताना बाजारात त्याच्या कितीतरी पट. अनुदानाच्या पिठा-तेलासाठी रांगा. माणसं मजुरीला तुर्कस्तानात, आणि २०२२ च्या सप्टेंबरात तुर्कस्ताननेही व्हिसाशिवाय यायची सोय काढून घेतली. हे लिहिताना मी हात आखडता घेणार नाही.

तुमच्या ड्रायव्हरचं पुढे काय झालं?

दूरदेशी

२०१७ मध्ये इस्तंबूलला गेला, बांधकामावर. कधीतरी रात्री फोन करायचा, आईची आठवण निघाली की गप्प व्हायचा. २०१९ च्या सुरुवातीला म्हणाला की घरी आता गॅसचंही बिल येतं, आईने शेगडी बंद करायला सुरुवात केलीय आणि तिला अजून चुकल्यासारखं वाटतं. नंतर नंबर बदलला असावा, लागत नाही.

लेकीची आई

इस्तंबूलमध्ये कुणी ओळखीचं असेल तर विचारून बघा ना. अशी माणसं एकमेकांना धरून राहतात, माझ्या मुलीच्या अनुभवावरून सांगते.

पाटकरी

दूरदेशींनी निचऱ्याचं लिहिलं ते अभियंता म्हणून पटलं. आमच्या खात्याने पाणी आणण्यावर जेवढा पैसा आणि डोकं खर्च केलं, त्याच्या दहावा हिस्सासुद्धा पाणी काढण्यावर केलं नाही. शिवारवाल्यांचा एवढा आरोप मला मान्य करावा लागेल, आणि तो मान्य करताना आनंद होत नाही. आता अफगाणिस्तान अमू दर्यावर कोश तेपा कालवा खणतंय, २८५ किलोमीटरचा. वाळूतून, पुन्हा बिनअस्तराचा. खालच्या तुर्कमेनांच्या वाट्याचं पाणी त्यात जाईल. सत्तर वर्षांपूर्वीची चूक शेजारी नव्याने करतोय आणि त्याला थांबवायला कुणाकडे तोंड नाही, कारण आधी स्वतःच तसं केलेलं.

शिवारवाला, तुमच्या दोन एकरांत निचऱ्यासाठी सच्छिद्र पाइप टाकून बघितलेत का? जमिनीखाली चार-साडेचार फुटांवर, उताराच्या दिशेने.

शिवारवाला

दोन वर्षांपूर्वी अंदाजपत्रक काढलं होतं. माझ्या एकट्याच्या रानात टाकून उपयोग नाही, पाणी ओढ्याला सोडायचं तर खालच्या चार जणांच्या रानातून पाइप न्यावी लागते. त्यातले दोघं हो म्हणतात, एक मुंबईला असतो, एक भाऊबंदकीत अडकलाय. आणि ओढ्याचा तळच आता गाळाने वर आलाय, पावसाळ्यात पाणी उलटं रानात येतं. तुमच्या त्या सुवर्णयुगाच्या तळ्यासारखंच झालंय, पाणी काढायचं पण टाकायचं कुठं.

पाटकरी

ओढ्याच्या तळाची पातळी आणि तुमच्या रानातली सगळ्यात खालची जागा, या दोन्हींतला फरक कुणी मोजलाय का? अंदाजाने बोलू नका, आकडा सांगा.

शिवारवाला

मोजला नाही. अंदाजपत्रकवाल्याने चारचाकीतून उतरून बघितलं आणि लिहिलं.

पाटकरी

मग त्या अंदाजपत्रकाला काही अर्थ नाही. मी इस्लामपूरला बहिणीकडे येतोय पुढच्या रविवारी. माझ्याकडे जुनं लेव्हल मशीन आहे, पट्टी धरायला एक माणूस लागेल. विहिरीवरच्या खडूच्या खुणाही दाखवा.

शिवारवाला

या. पट्टी माझा पोरगा धरेल. सकाळी आठच्या आत या म्हणजे ऊन व्हायच्या आत होईल. आणि येताना ती दारं फोडणाऱ्यांची वही आणू नका.